बरणीतील बीज आणि अंगणातील रोप

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात आचार्यांनी एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली आहे. वनस्पतींना नावाने व रूपाने ओळखतात ते रानात वावरणारे शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि इतर वनवासी. परंतु नाव-रूप कळले म्हणजे त्या द्रव्याची योजना कळली असे होत नाही. या वचनाचा उत्तरार्ध आपण वैद्य मोठ्या अभिमानाने सांगतो. पूर्वार्धाकडे मात्र आपले सोयीस्कर दुर्लक्ष होते. ज्या द्रव्याची योजना आपण करतो त्याचे रूप आपणांस ठाऊक आहे, असे त्यात गृहीतच धरलेले आहे.

माझे चिकित्सालय निफाड तालुक्यात आहे. पंचवीसहून अधिक वर्षांच्या व्यवसायात द्रव्यांशी माझा परिचय झाला तो बहुतांशी बरणीतून. ओवा कसा दिसतो असे कोणी विचारले असते तर मी निःशंकपणे दारातील कुंडीकडे बोट दाखवले असते. त्या कुंडीत जाडसर, मखमली, ओव्याच्या वासाची पाने असलेले झुडूप होते. ती पर्णयवानी. आपल्या औषधालयातील ओव्याशी तिचा वासापलीकडे काहीही संबंध नाही, हे मला फार उशिरा कळले. कळण्याचे निमित्त मात्र दुसरेच घडले.

भावप्रकाशातील चतुर्बीज सर्वांना परिचित आहे : मेथी, चंद्रशूर म्हणजे अहाळीव, कालाजाजी आणि यवानी. कालाजाजी म्हणून आपल्याकडे बहुधा कलौंजी घेतली जाते. काही वर्षांपूर्वी चूर्ण संपले म्हणून मी ही चारही द्रव्ये मागवली होती आणि बरण्या मेजावर उघड्या होत्या. कटिशूलासाठी येणाऱ्या एक आजी समोर बसल्या होत्या. त्यांचे उभे आयुष्य कांद्याच्या शेतात गेलेले. कलौंजीच्या बरणीतील चिमूटभर दाणे त्यांनी तळहातावर घेतले, अंगठ्याने फिरवले आणि म्हणाल्या, “वैद्यबुवा, आमच्या कांद्याचं बी तुमच्या औषधात काय करतं?” मी हसून सांगितले, की ही कलौंजी आहे, दिसायला तशीच असते. आजी काही बोलल्या नाहीत. पुढल्या खेपेस मात्र घरच्या डोंगळ्यांचे बी पदराच्या गाठीत बांधून घेऊन आल्या आणि गाठ सोडून ते माझ्यासमोर ठेवले. दोन्ही बिया शेजारीशेजारी होत्या आणि त्यांतील फरक मला सांगता येईना.

मग मी एकच गोष्ट केली, जी खरे तर आधीच करावयास हवी होती. त्या बरणीतील ५० दाणे मोजून एका पसरट कुंडीत पेरले. बारा दिवसांत त्यांपैकी ७ उगवले. प्रत्येक अंकुर हिरव्या दोऱ्यासारखा, गुडघ्यात दुमडल्याप्रमाणे वाकून मातीबाहेर आला. त्याला दोन बीजदले नव्हतीच. कलौंजी द्विदल आहे. तिची दोन लहान बीजदले उघडतात आणि नंतर बडीशेपेसारखी चिरलेली पाने येतात. कांदा एकदल असून तो नेहमी असाच वाकून वर येतो. उरलेले ४३ दाणे का उगवले नाहीत, याचाही उलगडा झाला. कांद्याचे बी साध्या साठवणीत वर्षभरात आपली उगवणशक्ती बरीचशी गमावते. पेरणीच्या कामातून बाद झालेले, शेतकऱ्याला नकोसे झालेले बी कोणत्या तरी मार्गाने माझ्या बरणीत आले होते. आपल्याकडे कलौंजीलाच ‘कांद्याचे बी’ म्हणण्याचा गैरसमज रूढ आहे. त्यामुळे पुरवठादाराने हे जाणूनबुजून केले की तोही त्याच नावाने फसला, हे आजही सांगता येत नाही. ती बरणी मी फेकून दिली. परंतु त्यापूर्वीच्या चूर्णात काय होते, हे कळण्यास मार्ग उरला नव्हता. उपशय मिळेना म्हणून ज्यांची मात्रा मी वाढवली होती, असे दोन-तीन रुग्ण आठवले की अजूनही अस्वस्थ वाटते.

तेव्हापासून औषधालयात येणारे प्रत्येक अखंड बीजद्रव्य मी प्रथम पेरून पाहतो. या सवयीतून चिकित्सालयामागील पडीक जागेत एक छोटी बाग उभी राहिली. बागकामाचे शिक्षण मला नाही. तरीही कोणत्या भाज्या व फुले बियांपासून नवशिक्याच्याही हाताला येतात, हे अनुभवाने कळले. तेच वैद्यबंधू-भगिनींपुढे आणि औषधालयांच्या मालकांपुढे ठेवीत आहे.

पेरण्यापूर्वी

बी जिवंत आहे की नाही हे पाहण्यास मातीही लागत नाही. गोणपाटाचा किंवा जाड सुती फडक्याचा तुकडा भिजवून पिळून घ्यावा, त्यावर ५० दाणे ओळीत मांडून गुंडाळी करावी, ती सावलीत ठेवावी आणि फडके सुकू देऊ नये. मेथी व अहाळीव दोन-तीन दिवसांत बोलतात. धने, शेपू, ओवा यांना आठ ते पंधरा दिवस द्यावे लागतात. उगवलेले दाणे मोजून दुप्पट केले की शेकडा प्रमाण मिळते. बरणीवर द्रव्याच्या नावाबरोबर खरेदीचा महिना आणि हा आकडा लिहून ठेवावा.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. उगवणशक्ती म्हणजे वीर्य नव्हे. न उगवणारे बी औषध म्हणून निरुपयोगीच असते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ते वाळवताना अधिक तापले असेल, मळणीत त्याचा गर्भ दुखावला असेल. शार्ङ्गधराने औषधात द्रव्ये नवीच घ्यावीत असे सांगताना विडंग, पिप्पली, गूळ, धान्य, तूप आणि मध यांचा अपवाद केलेला आहेच. तथापि त्यानेच द्रव्य वर्षानंतर हीनगुण होते आणि चूर्ण दोन महिन्यांनी, असेही म्हटले आहे. ‘यंदाचा माल’ म्हणून विकलेल्या मेथीचे शंभरात दहा दाणेही उगवत नसतील, तर विक्रेत्याला प्रश्न विचारण्याइतका पुरावा आपल्या हाती निश्चित येतो. मेथी ही काही नाजूक बी नाही. चांगल्या साठवणीत ती दोन-तीन वर्षेही उगवते.

मातीविषयी फार विचार करू नये. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू एवढे मिश्रण पुरते. आमच्या भागातील काळी माती कुंडीत घट्ट बसते, म्हणून वाळू थोडी अधिक घालावी लागते. ताजे शेण वापरल्यास कोवळी मुळे जळतात. भांडे कोणतेही चालते. तळाला भोक असले म्हणजे झाले. औषधालयात रिकामे होणारे तेलाचे व मधाचे डबे यासाठी उत्तम. पालेभाज्यांना वीतभर खोली पुरते, वेलभाज्यांना किमान हातभर हवी. दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळाले पाहिजे. सावलीत उगवलेले रोप उंच, फिकट व दुबळे होते.

बी किती खोल पेरावे, हा नवशिक्याचा पहिला प्रश्न आणि पहिली चूक. दाण्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती त्यावर पुरते. माठाचे किंवा तुळशीचे बी बोटभर खोल पुरले तर त्याच्या पोटातील अन्न वर येण्याआधीच संपते. दुसरी चूक पाण्याची. उगवेपर्यंत वरची माती सुकू नये आणि उगवल्यानंतर ती सतत चिंब राहू नये. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो ती अवस्था बोटाने ओळखता येते : माती ओलसर लागते, परंतु बोटाला चिकटत नाही. दाट उगवलेली आणि नित्य ओली राहणारी रोपे बुडाशी काळी पडून एका रात्रीत कोलमडतात. यावर औषध शोधण्यापेक्षा वेळीच विरळणी करणे बरे. उपटलेली रोपे वाया जात नाहीत. मेथी-मुळ्याची विरळणी तर थेट स्वयंपाकघरात जाते.

बरणीतून थेट कुंडीत

ज्याने आयुष्यात काहीच पेरलेले नाही त्याने अहाळिवापासून आरंभ करावा. भिजवले की त्यावर बुळबुळीत आवरण येते व दाणे एकमेकांना चिकटतात, म्हणून ते भिजवू नये. कोरडेच, थोड्या वाळूत मिसळून ओल्या मातीवर भुरभुरावे आणि वर माती घालू नये. दोन-तीन दिवसांत हिरवी लव दिसते. पंधरवड्यात कोवळी, तिखटसर पाने कोशिंबिरीसाठी कापता येतात. सूतिकेस ज्या अहाळिवाचे लाडू आपण सांगतो, त्याचे पान पाहिलेला वैद्य विरळाच; मीही पन्नाशीपर्यंत पाहिले नव्हते.

मेथी रात्रभर भिजवून ओळीत पेरावी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती मातीचा पापुद्रा उचलून वर येते आणि पंचवीस ते तीस दिवसांत जुडी बांधण्याजोगी होते. मुंबईच्या किनाऱ्यावर वाळूत दाट पेरून बोटभर उंचीची असताना उपटतात ती समुद्रमेथी. ज्याच्याकडे फक्त खिडकी आहे त्याने ही पद्धत अवलंबावी. काही रोपे मात्र न कापता राखावीत. पांढरट फुलांनंतर तलवारीसारख्या लांब, टोकदार शेंगा येतात आणि त्यांत औषधालयातील ओळखीचे दाणे दिसतात. बरणीपासून बरणीपर्यंतचे हे वर्तुळ एका हिवाळ्यात पूर्ण होते.

धन्याबाबत पुष्कळांची निराशा होते, कारण आपण ज्याला बी म्हणतो ते वास्तविक दोन बीजखंडांचे फळ आहे. ते फडक्यावर ठेवून हलक्या हाताने लाटण्याने रगडावे, म्हणजे दोन दळे वेगळी होतात. रगडण्याचा जोर अधिक झाला की धन्याची डाळ होते आणि डाळ कधीच उगवत नाही. रगडलेले धने काही तास भिजवून पेरावेत. आठ-दहा दिवस संयम ठेवावा. कोथिंबीर एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावलेली सहन करीत नाही, तेव्हा जेथे हवी तेथेच पेरावी. उन्हाळ्यात ती पानांपूर्वीच फुलावर येते. मात्र नवशिक्याने तेही एकदा पाहावे. बुंध्याजवळची रुंद पाने आणि फुलाजवळची तंतूसारखी पाने एकाच झाडाची आहेत, यावर प्रथम विश्वास बसत नाही.

शतपुष्पा आणि मिश्रेया यांच्या ग्रंथोक्त वादात मी पडत नाही. परंतु बाळंतशेप आणि बडीशेप या दोन्ही एकाच वाफ्यात शेजारीशेजारी पेरून पाहाव्यात, एवढी विनंती आहे. दोहोंना पिसासारखी पाने, दोहोंना पिवळ्या फुलांच्या छत्र्या. शेपू निळसर हिरवा, बहुधा एकाच पोकळ दांड्याचा आणि लवकर उरकणारा. बडीशेप उंच वाढते, बुडापासून अनेक फांद्या काढते आणि तिला वेळही जास्त लागतो. शेपूचे फळ चपटे व कडेला पापुद्रा असलेले, बडीशेपेचे लांबट व फुगीर. हा फरक पुस्तकात वाचून मी दोनदा विसरलो होतो; पेरल्यानंतर विसरलो नाही.

ओव्याचे बी बारीक असते आणि उगवण्यास दहा-पंधरा दिवस घेते. आश्विन-कार्तिकात पेरलेला ओवा सुतासारख्या बारीक पानांचा, पांढऱ्या छत्रीफुलांचा होतो आणि दाणे हाती येण्यास चार-पाच महिने लागतात. पर्णयवानी खोडाच्या तुकड्यावर लागते. ओवा पेरून ती कधीही उगवत नाही. कलौंजीही याच ऋतूतील. सुमारे दोन-अडीच महिन्यांत निळसर पांढरी, नाजूक फुले येतात आणि नंतर फुगीर बोंडे. खरी कलौंजी चोळल्यावर उग्र सुगंधी वास येतो आणि तिचा दाणा तिकोनी-चौकोनी धारांचा असतो. कांद्याचे बी एका बाजूस फुगीर, सुरकुतलेले आणि जवळजवळ गंधहीन असते. सब्जादेखील पेरून पाहण्यासारखा आहे. त्याचे बी मातीने झाकू नये. जिऱ्याच्या वाटेस मात्र नवशिक्याने जाऊ नये. ते गुजरात-राजस्थानच्या कोरड्या हिवाळ्याचे पीक आहे. मी तीन वर्षे प्रयत्न केला व सोडून दिला.

भाज्या आणि त्यांचे वय

बाजारातील भाजी पथ्य म्हणून सांगताना एक अडचण नेहमी येते : तिचे वय आपल्या हाती नसते. चरकाने कोवळा मुळा दोषहर आणि जून मुळा त्रिदोषकर म्हटला आहे. बाजारात येतो तो हातभर लांब, जाड व तिखट मुळा. मग आपण ‘मुळा खा’ म्हणतो तेव्हा रुग्ण नेमके काय खातो? मुळा पेरणे मेथीइतकेच सोपे आहे. चार-पाच दिवसांत उगवतो. विरळणी केली आणि माती भुसभुशीत ठेवली तर पंचवीस-तीस दिवसांत बोटाएवढा कोवळा मुळा मिळतो. राहून गेलेल्या मुळ्यांना फुले येतात आणि मग डिंगऱ्या. त्यांची भाजी स्वतंत्रपणे रुचकर. कोहळ्याबाबत सुश्रुताने हाच विचार आणखी सूक्ष्म केला आहे : कोवळा पित्तघ्न, मध्यम कफकर, पक्व लघु, दीपन व बस्तिशोधन. एक वेल लावला की या तीनही अवस्था एकाच मांडवावर लटकताना दिसतात. जागा मात्र भरपूर हवी.

माठाचे बी खसखशीसारखे. चौपट वाळूत मिसळून फोकावे, वरून केवळ हात फिरवावा. उन्हाळा असो वा पावसाळा, तीन-चार आठवड्यांत कापणी होते आणि कापल्यावर पुन्हा फुटतो. तण्डुलीय हा चरकाने रक्तपित्तात प्रशस्त मानलेला शाक आहे. अंगणात माठ असेल तर आपोआप उगवणारा काटेमाठही शेजारी राखावा, म्हणजे दोन्हींतला भेद विद्यार्थ्यांना दाखवता येतो. राजगिरा पेरावयाचा तर अखंड दाणा घ्यावा. एका तरुण वैद्यमित्राने लाह्या पेरून आठवडाभर वाट पाहिली होती; तो आता निष्णात माळी आहे, म्हणून हे लिहिण्यास हरकत नाही.

पालक व चाकवत हिवाळ्यात. भेंडी रात्रभर भिजवून उन्हाळ्याच्या आरंभी किंवा ज्येष्ठात टोकावी, एका जागी दोन दाणे. सुमारे दीड महिन्याने तोडणी सुरू होते. एक दिवस विसरलात तर भेंडी लाकूड होते. गवार आणि चवळी ही तर पेरून विसरण्याची पिके. मोहरी सर्वांहून सोपी, तीन दिवसांत हिरवीगार. परंतु शाकांमध्ये सर्वांत अपथ्य म्हणून आचार्यांनी नेमका सर्षपशाकच निवडला आहे, तेव्हा तिच्या सोपेपणाचे कौतुक येथेच पुरे.

कारले, दोडका व दुधी पावसाळ्याच्या तोंडाशी लावावेत. कारल्याचे कवच कठीण असते; बी बारा तास कोमट पाण्यात ठेवावे, टोक किंचित खरवडावे. दोन महिन्यांच्या आत फळ धरते. सुरुवातीची फुले सर्व नर असतात व गळून पडतात, त्याने घाबरून जाऊ नये.

दुधीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. घरच्या दुधीचे बी पुढील वर्षी पेरताना नवशिक्याला एक धोका ठाऊक नसतो. या वेलींचे परागीभवन मधमाश्या करतात आणि परिसरात रानटी कडू वाण असेल तर संकर होऊन पुढील पिढीत कडू फळे येऊ शकतात. कडू तुंबी आपल्या शास्त्राला अपरिचित नाही. कल्पस्थानातील इक्ष्वाकुकल्प तिचाच असून तेथे ती वमनद्रव्य म्हणून आली आहे. दुधीचा कच्चा रस पिण्याची लाट आली तेव्हा कडू रसाने विषबाधा होऊन काही मृत्यूही घडले. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू लागणारा रस मुळीच पिऊ नये असा इशारा दिला. तिचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून प्रत्येक फळाची फोड चाखावी, कडू लागल्यास संपूर्ण फळ टाकावे आणि रस पिण्याचा सल्ला देताना ही सूचना रुग्णास लेखी द्यावी.

फुले

झेंडू हे आरंभासाठी सर्वोत्तम फूल. आषाढात बी टाकावे, महिन्याने रोपे हातभर अंतरावर लावावीत, दसऱ्याच्या सुमारास तोरणापुरती फुले मिळतात. बी विकत घेण्याची गरज नाही. सुकलेले फूल सोडवले की काळ्या, सरळ, सुईसारख्या आणि टोकाला फिकट झुपका असलेल्या बिया मिळतात. संकरित वाणाच्या फुलात मात्र त्या कमी असतात आणि रोपही मूळ फुलासारखे येईलच असे नाही. औषधालयांच्या मालकांसाठी येथे एक उपयुक्त गोष्ट आहे. मलमे व अर्कांतून येणाऱ्या कॅलेंड्युलालाही काही लोक झेंडूच म्हणतात. कॅलेंड्युलाचे बी आकड्यासारखे वळलेले, खडबडीत व पिवळट तपकिरी असते. दोन बिया एका पुडीत ठेवून ग्राहकाला दाखवल्या की पुन्हा वाद होत नाही.

तेरडा पावसाळ्याचा. ज्येष्ठात पेरला की गौरींच्या वेळी फुललेला असतो. रंग तीन दिवसांचा म्हणून त्याची लौकिकात थट्टा होते, पण त्याच्या पक्व बोंडाला बोट लावताच ते तडकून बिया उडतात, आणि चिकित्सालयात येणारी मुले औषध घेण्यास तयार होतात ती या आमिषाने. एकदा लावला की पुढील वर्षी स्वतःच उगवतो.

गोकर्ण म्हणजे अपराजिता. बीज कठीण असल्याने रात्रभर भिजवावे व न फुगलेले दाणे काचकागदावर किंचित घासून पुन्हा भिजवावेत. जाळीवर चढवला की सुमारे दोन महिन्यांत निळी किंवा पांढरी फुले लागतात. शंखपुष्पी म्हणून केरळात हीच वनस्पती घेतात, उत्तरेकडे दुसऱ्याच. त्यामुळे बाहेरगावच्या कल्पावर ‘शंखपुष्पी’ वाचून निश्चिंत होऊ नये. गोकर्णाचे बी रेचक आहे. निळा चहा करण्याची नवी आवड असलेल्या रुग्णांना शेंगा त्यात न घालण्यास सांगावे.

सदाफुलीच्या बीजाला अंधार लागतो, म्हणून ते नेहमीच्या नियमापेक्षा अंमळ जास्त झाकावे. मूळची ही मादागास्करची. तिच्यातील व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन या क्षारतत्त्वांपासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कर्करोगावरील औषधे झाली. ही तत्त्वे तीव्र आहेत. मधुमेहासाठी रोज फुले-पाने चघळणारे रुग्ण माझ्याकडे येतात आणि त्यांना थांबवणे हे माझे काम होऊन बसले आहे. लावण्यास हरकत नाही, खाण्यास आहे. गुलबक्षीबाबतही तेच. संध्याकाळी उमलणारी, हवी ती माती चालणारी. पण तिची काळी बी मिऱ्यासारखी दिसते व विषारी आहे. औषधालयाच्या आवारात ती लावूच नये. गुंज, धोत्रा व एरंड यांविषयी तर या वाचकांना सांगावयास नको.

औषधालयांसाठी दोन गोष्टी

कृषी सेवा केंद्रातून आणलेले भाजीचे बियाणे बहुधा बुरशीनाशक लावलेले, गुलाबी किंवा निळसर रंगाचे असते. पाकिटातील उरलेले मेथी-धने औषधाच्या बरणीत किंवा स्वयंपाकघरात कदापि जाऊ नयेत. पेरताना हात धुवावेत आणि पाकीट वेगळ्या कपाटात ठेवावे. आपल्या माणसांनी ‘बी ते बी’ म्हणून एकत्र केल्याचे मी एका ठिकाणी प्रत्यक्ष पाहिले आहे. उलट बाजूने, ग्राहकाने पेरण्यासाठी मागितले म्हणून औषधी बीज ‘बियाणे’ या नावाने विकू नये. बियाण्याच्या व्यापारास बियाणे (नियंत्रण) आदेश, १९८३ अन्वये परवाना लागतो. चार दाणे भेट देण्यास कोणी अडवीत नाही.

माझ्याकडे आता काउंटरवर एक पसरट ताट असते. नवीन आलेल्या मालाचे दाणे त्यात ओळीने पेरलेले असतात आणि प्रत्येक ओळीला काडीवर नाव व तारीख. रुग्ण थांबलेले असताना वाकून पाहतात, ओळखतात, चुकतात, एकमेकांना दुरुस्त करतात. मधुमेही, निवृत्त, घरात एकटे असणारे काही जण पुडी मागून नेतात व पुढील खेपेस फळापेक्षा तक्रार अधिक घेऊन येतात : चिमण्यांनी खाल्ले, मावा पडला. चिमण्यांसाठी जुनी साडी, माव्यासाठी पाण्याचा जोरकस फवारा किंवा निंबोळी अर्क, एवढ्यावर भागते.

त्या आजी अजून येतात. गेल्या कार्तिकात त्यांना कलौंजीची फुले दाखवली. त्यांनी कधी पाहिली नव्हती. बराच वेळ पाहून म्हणाल्या, “बी सारखं दिसतं खरं, पण जात वेगळी.” मग त्यांनी बोंडे पिकल्यावर थोडे बी मागितले, ते फाल्गुनात त्यांना दिले. यंदा त्यांच्या बांधावर कलौंजीच्या दोन ओळी आहेत.